मोटारसायकल-शर्यतीची शाळा : पारख कशी करावी?

जत्रेतला 'मौत का कुआँ' तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. लाकडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवरून मोटारसायकल गरगरा फिरते, फळ्या खडखडतात आणि वर कठड्याला रेललेली माणसे श्वास रोखून खाली पाहतात. खेळ संपला की आपण म्हणतो, "काय धाडस आहे!" पण नुसत्या धाडसावर तो स्वार दररोज सुखरूप खाली उतरला नसता. कोणत्या वेगाला भिंत धरून ठेवते, वेग कोठे कमी करायचा, नजर कोठे ठेवायची, हे सारे त्याने कोणाजवळ तरी बसून शिकलेले असते.

मोटारसायकलच्या शर्यतीचेही असेच आहे. ती शिकता येते आणि शिकवताही येते. त्यासाठी शाळा आहेत. मात्र सगळ्या शाळा सारख्या नाहीत. तेव्हा त्यांतली चांगली कोणती, हे ओळखायचे कसे? गंमत अशी की, या प्रश्नाचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या आणि भूमितीच्या पुस्तकांतच बरेचसे दडलेले आहे.

तीन माहितीपत्रके

समजा, तुमच्या शेजारी एक दादा राहतो. तो कारखान्यात नोकरी करतो. मोटारसायकलचा त्याला मोठा नाद. वर्षातून दोन-तीनदा रजा काढून तो चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टै येथील ट्रॅकवर जातो आणि हौशी स्पर्धकांच्या शर्यतीत उतरतो. हा ट्रॅक सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा असून त्यात १२ वळणे आहेत. दादाला एका फेरीला सुमारे १३२ सेकंद लागतात. दोन वर्षांत त्याने नवा सायलेन्सर बसवला, महागडे टायर घातले. परंतु फेरीची वेळ काही हलत नाही. आता त्याने ठरवले आहे की साठवलेले पैसे गाडीवर न घालता स्वतःच्या शिक्षणावर घालायचे. त्याने तीन शाळांची माहितीपत्रके आणली आहेत.

पहिले माहितीपत्रक चकचकीत आहे. त्यावर एका विजेत्याचे छायाचित्र असून, १००० सी.सी.च्या मोटारसायकलवर दिवसभर सराव करायला मिळेल, असे आश्वासन आहे.

दुसरी शाळा सर्वांत स्वस्त. ट्रॅक दिवसभर मोकळा. हव्या तेवढ्या फेऱ्या मारा!

तिसरे माहितीपत्रक अगदी साधे आहे. दिवसात पाच धडे. प्रत्येक धड्यात आधी थोडा वेळ फळ्यासमोर, मग थोडा वेळ ट्रॅकवर आणि नंतर प्रशिक्षकाशी बोलणे. गाड्या लहान इंजिनाच्या. तीन शिकाऊंमागे एक प्रशिक्षक.

दादा तुम्हाला विचारतो, "तुम्ही विज्ञान शिकता ना? मग सांगा पाहू, यांतली कोणती घेऊ?"

उत्तर देण्याची घाई करू नका. आधी त्या शाळेत शिकायचे काय असते, ते पाहू.

पकडीची पुंजी

मोटारसायकल जमिनीला कितीशी टेकलेली असते? दोन टायर आणि प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा तुकडा. वेग वाढवणे, वेग कमी करणे आणि वळणे ही तिन्ही कामे या दोन तुकड्यांच्या घर्षणावरच चालतात. हे घर्षण अमर्याद नसते. कोरड्या, चांगल्या ट्रॅकवर तापलेले शर्यतीचे टायर स्थूलमानाने गाडी आणि स्वार यांच्या एकत्रित वजनाइतके बल देऊ शकतात, असे हिशेबासाठी धरू. म्हणजे गाडीला कोणत्याही दिशेने दर सेकंदाला, प्रतिसेकंद १० मीटर एवढे त्वरण मिळू शकते. या १० ला आपण 'पकडीची पुंजी' म्हणू.

आता ४० मीटर त्रिज्येचे एक वळण घ्या. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला केंद्राकडे जे त्वरण लागते ते वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागून मिळते, हे तुम्हाला ठाऊक असेल. दादा ताशी ५४ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने वळला, तर २२५ भागिले ४० म्हणजे सुमारे ५.६ एवढी पुंजी खर्च होते. गाडी उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंशांनी कलते. तोच वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर केला, तर ४०० भागिले ४० म्हणजे १०! सगळी पुंजी संपली आणि गाडी ४५ अंशांपर्यंत कलली. वेग वाढला केवळ एक-तृतीयांशाने, पण खर्च जवळजवळ दुप्पट झाला. हा वेगाच्या वर्गाचा प्रताप होय.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. वळण्याचे बल आडवे असते आणि ब्रेकचे बल मागच्या दिशेने. दोन्ही एकमेकांना काटकोनात. मग त्यांची बेरीज कशी करायची? पायथागोरसच्या सिद्धांताने! ६, ८ आणि १० या बाजूंचा काटकोन त्रिकोण आठवा. वळण्यासाठी ८ खर्च होत असतील, तर ब्रेकसाठी २ नव्हे, चांगले ६ शिल्लक असतात. वळण्यासाठी ६ खर्च होत असतील, तर ब्रेकसाठी ८. परंतु वळण्यासाठी पूर्ण १० खर्च होत असतील, तर ब्रेकसाठी उरते शून्य. त्या क्षणी दादा घाबरला आणि त्याने ब्रेक दाबला, तर टायर घसरणारच. हौशी स्वार वळणात पडतो तो पुष्कळदा असाच. त्याच्याजवळ धैर्य असते, पण पुंजीचा हिशेब नसतो.

ही पुंजी दोन चाकांत कशी वाटली जाते, तेही पाहण्यासारखे आहे. गाडी आणि स्वार मिळून २२० किलोग्रॅम वजन, दोन चाकांच्या आसांमधले अंतर १.३५ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.६ मीटर उंच असे धरा. गाडी उभी असताना दोन्ही चाकांवर ११०-११० किलोग्रॅम भार आहे. सरळ रस्त्यावर जोराने, म्हणजे ८ एवढ्या मंदनाने ब्रेक लावला की सुमारे ८० किलोग्रॅम भार मागच्या चाकावरून पुढच्या चाकावर जातो. पुढे १९० आणि मागे अवघे ३०! टायरची पकड त्यावरच्या भारानुसार वाढते. म्हणून जोराचे ब्रेकिंग मुख्यतः पुढच्या ब्रेकने होते. मात्र हा भार पुढे सरकायला क्षणभर वेळ लागतो. ब्रेकला एकदम हिसका दिला, तर भार पोहोचण्यापूर्वीच चाक अडते आणि घसरते. तोच ब्रेक क्रमाक्रमाने आवळत नेला, तर भार वाढतो, पकड वाढते आणि मग अधिक जोराने आवळता येतो. ओला कपडा पिळताना आपण कसा हळूहळू जोर वाढवत नेतो, तसाच हा प्रकार.

आता पहिल्या माहितीपत्रकाकडे पुन्हा पाहा. १००० सी.सी.च्या गाडीची ताकद इतकी प्रचंड असते की मूठ थोडी अधिक पिळली गेली तरी मागच्या चाकाची पुंजी संपून जाते. शिकाऊ माणसाचे सारे लक्ष गाडीला सांभाळण्यातच जाते. लहान गाडीवर चूक कमी वेगात होते, स्पष्ट दिसते आणि स्वस्तात सुटते. म्हणूनच मोठमोठे विजेतेसुद्धा लहान गाड्यांवर सराव करतात. १९७८, १९७९ आणि १९८० अशी सलग तीन वर्षे ५०० सी.सी. गटाचे जगज्जेतेपद मिळवणारा अमेरिकेचा केनी रॉबर्ट्स हा मातीच्या ट्रॅकवर तयार झालेला होता, आणि पुढे त्याने कॅलिफोर्नियातील आपल्या शेतावर तरुण स्वारांना लहान गाड्या देऊन मातीतच तालीम दिली. इटलीच्या व्हॅलेंटिनो रॉसीनेही आपल्या ताव्हुलिया या गावी मातीचा ट्रॅक करून तेथे तरुण स्वारांचा सराव चालवला. मातीत पकड कमी. त्यामुळे टायर कधी सुटतो आणि तो पुन्हा कसा धरायचा, हे कमी वेगात, पुन्हापुन्हा अनुभवता येते.

उजवीकडे वळायचे, तर आधी डावीकडे!

आता एक छोटा प्रयोग करा. एक लांब छडी तळहातावर उभी तोला. ती उजवीकडे झुकवून उजवीकडे न्यायची आहे. हात सरळ उजवीकडे नेला तर काय होते? छडीचे वरचे टोक मागे राहते आणि छडी डावीकडे पडते. छडी उजवीकडे झुकण्यासाठी तळहात आधी क्षणभर डावीकडे न्यावा लागतो.

धावती मोटारसायकल म्हणजे अशीच एक तोललेली छडी आहे. तिला उजवीकडे वळण्यासाठी उजवीकडे कलले पाहिजे, आणि कलण्यासाठी चाके क्षणभर डावीकडे सरकली पाहिजेत. म्हणून वेगात असताना स्वार हँडलची उजवी मूठ पुढे ढकलतो. पुढचे चाक किंचित डावीकडे वळते, चाके शरीराखालून डावीकडे निघतात आणि गाडी उजवीकडे कलते. सायकल चालवताना तुम्हीही हेच करता. पण तुम्हाला त्याचा पत्ता नसतो. विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंचे सायकलचे दुकान होते, हे तुम्ही वाचले असेल. त्यांपैकी विल्बर राइटने अनेक सायकलस्वारांना, "तुम्ही डावीकडे कसे वळता?" असे विचारले, आणि त्याला एकाकडूनही पूर्ण बरोबर उत्तर मिळाले नाही!

"न कळता येतेच आहे, तर शिकायचे कशाला?" असे तुम्ही विचाराल. रस्त्यावर आरामात जाताना ते खपून जाते. परंतु ताशी १०० किलोमीटर वेगात गाडी झटकन कलवायची असते, तेव्हा नेमके काय केल्याने ती कलते हे ठाऊक नसलेला स्वार अंग वाकवतो, गुडघा बाहेर काढतो आणि हँडल मात्र घट्ट धरून ठेवतो. गाडी काही केल्या कलत नाही आणि वळण निसटते.

अमेरिकेतील कीथ कोड नावाच्या प्रशिक्षकाने हे पटवण्यासाठी एक नामी युक्ती काढली. त्याने एका मोटारसायकलला नेहमीच्या हँडलखेरीज दुसरे एक हँडल जोडले. ते थेट सांगाड्याला घट्ट बसवलेले. त्याने पुढचे चाक वळतच नाही. वेग कायम ठेवण्याची सोयही त्यावर होती. "नुसत्या अंगाच्या झोकाने गाडी वळते" असे म्हणणाऱ्याने त्यावर बसावे आणि वळवून दाखवावी! गाडी थोडीशी डुलते, इकडेतिकडे किंचित सरकते, पण हवी तशी वळत नाही. वाद मिटला. चांगल्या शाळेची ही एक खूण समजा : ती नुसते सांगत नाही, प्रयोग करून दाखवते.

नजर आणि लक्ष

सायकल शिकतानाचा तुमचा अनुभव आठवा. मैदान एवढे मोकळे असते, त्यात एकच खांब उभा असतो आणि सायकल नेमकी त्या खांबावरच जाते! कारण 'खांब, खांब' म्हणत तुम्ही खांबाकडेच पाहत असता. जिकडे नजर, तिकडे गाडी.

दादाची फेरी १३२ सेकंदांची, म्हणजे त्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २८ मीटर, ताशी सुमारे १०१ किलोमीटर झाला. पाहणे, समजणे आणि हात हलणे यांत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात तो २८ मीटर पुढे गेलेला असतो. पुढच्या चाकाजवळ नजर ठेवणारा स्वार नेहमी भूतकाळातच गाडी चालवतो, असे म्हणायला हरकत नाही. म्हणून वळण घेताना नजर कोठून कोठे न्यायची, आधी काय पाहायचे आणि मग काय, हे क्रमाने शिकावे लागते.

कोडने लक्ष या गोष्टीची तुलना दहा डॉलरच्या नोटेशी केली आहे. आपण ती दहा रुपयांची धरू. जवळ एकूण दहाच रुपये. नवशिक्याचे पाच रुपये क्लच आणि गिअर यांत जातात, चार भीतीत जातात, आणि वळणाकडे पाहायला उरतो एकच रुपया. सरावाने एखादी कृती अंगवळणी पडली की तिचा खर्च पाच रुपयांवरून पाच पैशांवर येतो. वाचलेले पैसे नव्या गोष्टीवर लावता येतात. शिकणे म्हणजे दुसरे काय?

एका वेळी एकच

आता दुसरे माहितीपत्रक घ्या. 'हव्या तेवढ्या फेऱ्या मारा.' दादाने दिवसभरात साठ फेऱ्या मारल्या, तर तो साठपट शिकेल का? तो जर प्रत्येक फेरीत तीच चूक करत असेल, तर ती चूक साठ वेळा गिरवून पक्की होईल. वाईट अक्षर पुष्कळ लिहिल्याने सुधारत नाही. कोणीतरी 'हा काना तिरपा जातो' म्हणून दाखवावे लागते, आणि मग पुढची ओळ नुसत्या कान्याकडे लक्ष देऊन लिहावी लागते.

प्रयोगशाळेत तुम्ही काय करता? लंबकाचा प्रयोग करताना दोरीची लांबी बदलता, तेव्हा गोळा तोच ठेवता. लांबी आणि गोळा दोन्ही एकदम बदलले, तर फरक कशामुळे पडला हे कळणार नाही. स्वाराच्या बाबतीतही हाच नियम. ब्रेक, नजर, बसण्याची ढब, मूठ पिळण्याची रीत हे सगळे एकाच फेरीत बदलले आणि वेळ सुधारली किंवा बिघडली, तरी कारण कळत नाही.

कोडने १९८० साली 'कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल' ही शाळा सुरू केली, ती याच तत्त्वावर. शिक्षणाचे टप्पे पाडलेले. एका दिवसात पाच धडे. प्रत्येक धड्यात एकच गोष्ट : आधी वर्गात तिचे विवेचन, मग ट्रॅकवर फक्त तिचाच सराव, आणि परतल्यावर मागून पाहत आलेल्या प्रशिक्षकाशी चर्चा. पहिल्या टप्प्यात मूठ कशी पिळायची आणि गाडी कोठे व किती झटकन कलवायची ते. दुसरा टप्पा नजरेचा. शरीराची ठेवण तिसऱ्या टप्प्यात. पाहा, गुडघा जमिनीला घासत जाण्याची जी ऐट छायाचित्रांत दिसते, तिची पाळी किती उशिरा येते! या शाळेचे वर्ग चेन्नईच्या ट्रॅकवरही भरले आहेत.

ही एकच पद्धत बरोबर आणि बाकीच्या चुकीच्या, असे मात्र समजू नका. वळणात शिरतानाही ब्रेक हळूहळू सोडत न्यावा, यावर भर देणारे नावाजलेले प्रशिक्षक आहेत. त्यांचा हिशेबही आपल्या ६, ८, १० च्या त्रिकोणातच बसतो : कल जसजसा वाढतो, तसतसा ब्रेक कमी. प्रश्न पद्धतीच्या नावाचा नाही. शिकवणारा कारण सांगतो का, आणि एक गोष्ट पक्की झाल्यावरच दुसरी हाती घेतो का, हा खरा प्रश्न आहे.

विचारायचे सहा प्रश्न

तर मग दादाने पैसे भरण्यापूर्वी प्रत्येक शाळेला हे प्रश्न विचारावेत :

१. एका प्रशिक्षकामागे किती शिकाऊ? दहा-बारा असतील, तर माझी चूक कोण पाहणार?

२. प्रशिक्षक माझ्या मागून गाडी चालवत येऊन पाहील, की कडेला उभा राहून हात हलवील? गाडीवर कॅमेरा बसवून ते चित्रण मला दाखवले जाईल का?

३. दिवसाच्या शेवटी मला काय करता आले पाहिजे? 'तुमचा आत्मविश्वास वाढेल' हे उत्तर पुरेसे नाही. 'प्रत्येक वळणात गाडी एकाच हालचालीत कलवता येईल' हे उत्तर चांगले.

४. गाडी कोणाची? स्वतःच्या गाडीवर शिकलेले घरी नेता येते. पण ती पडली तर खर्च आपलाच, आणि त्या भीतीत लक्षाच्या नोटेतले पैसे जातात. शाळेची गाडी असेल, तर मोडतोडीचा खर्च कोणाकडे, हे आधीच लेखी घ्यावे.

५. ट्रॅकवर रुग्णवाहिका आणि डॉक्टर हजर असतात का? वळणांबाहेर मोकळी जागा आहे का? हेल्मेट, चामड्याचा पोशाख, हातमोजे आणि बूट तपासल्याशिवाय कोणाला ट्रॅकवर सोडतात का? सोडत असतील, तर तेथून सरळ परत फिरावे. हा एकच प्रश्न असा आहे की ज्यात नापास झालेल्या शाळेचे बाकीचे गुण पाहायचेच नाहीत.

६. शाळा कशासाठी आहे? रस्त्यावर सुरक्षित चालवायला शिकवणारी, ट्रॅकवर वळणे शिकवणारी आणि शर्यतीतल्या युक्त्या, म्हणजे सुरुवात कशी करावी, पुढच्याला कसे ओलांडावे हे शिकवणारी, अशा शाळा वेगवेगळ्या असतात. ज्याची फेरी दर वेळी वेगळी येते, त्याने शर्यतीच्या युक्त्या शिकून काय उपयोग? आपली उणीव कोणती, हे आधी शोधावे आणि मग शाळा शोधावी.

दादाला चेन्नई लांब पडत असेल, तर कोइंबतूर येथे करी मोटर स्पीडवे आहे, आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे २०११ मध्ये सुरू झालेला, पाच किलोमीटरहून थोडा लांब असा बुद्ध सर्किट आहे. पण जवळचा ट्रॅक म्हणून वाईट शाळा निवडू नये. रेल्वेचे भाडे एकदाच द्यावे लागते. चुकीची सवय मात्र वर्षानुवर्षे सोबत राहते.

स्टॉपवॉचची साक्ष

समजा, दादा शाळेत जाऊन आला. त्याचा फायदा झाला का, हे कसे ठरवायचे? दादा म्हणेल, "अरे, पूर्वीपेक्षा पुष्कळ बरे वाटते." परंतु 'बरे वाटते' हे मोजमाप नव्हे. आपण आकडे पाहू. शाळेत जाण्यापूर्वीच्या पाच फेऱ्या, सेकंदांत, अशा होत्या असे धरा :

१३२.४, १३१.१, १३३.०, १३१.८, १३२.७.

आणि शाळेनंतर, त्याच ट्रॅकवर, त्याच गाडीवर, तशाच हवेत :

१३१.९, १३१.६, १३१.८, १३२.०, १३१.७.

आता काय म्हणाल? सर्वांत वेगवान फेरी पाहिली, तर आधीची १३१.१ आणि नंतरची १३१.६. म्हणजे दादा अर्ध्या सेकंदाने मागेच गेला! ट्रॅकवरचे त्याचे मित्र असेच म्हणतील आणि शाळेचे पैसे बुडाले म्हणून हसतील.

घाई करू नका, सरासरी काढा. आधीची १३२.२, नंतरची १३१.८. म्हणजे ०.४ सेकंदाची सुधारणा. याहूनही बोलका आकडा आहे तो पसाऱ्याचा. आधी सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट फेरीत १.९ सेकंदांचे अंतर होते; नंतर ते केवळ ०.४ राहिले. पूर्वीची ती १३१.१ ची फेरी कशी साधली, हे दादाला स्वतःलाच ठाऊक नव्हते. कदाचित त्या फेरीत एखाद्या वळणावर पकडीची पुंजी पूर्ण संपून तो थोडक्यात बचावला असेल. आता मात्र तो प्रत्येक फेरीत तेच, तसेच करू शकतो. आणि जे पुन्हा करता येते, त्यातच सुधारणा करता येते. पाचच फेऱ्यांवरून कायमचा निष्कर्ष काढू नये हे खरे. वीस फेऱ्या घेतल्या तर अधिक चांगले. पण कोठे पाहायचे ते तुम्हाला कळले.

पुढचा हिशेबही करून ठेवा. प्रत्येक वळणात दादाने फक्त ०.१ सेकंद वाचवला, तर १२ वळणांत १.२ सेकंद होतात. सहा फेऱ्यांच्या शर्यतीत ते ७.२ सेकंद झाले, आणि सेकंदाला २८ मीटर या वेगाने ते अंतर सुमारे २०० मीटर होते. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो तेवढी वळणागणिक बचत आणि शर्यतीअखेर २०० मीटरची आघाडी! नव्या सायलेन्सरने हे झाले नव्हते.

मग दादाला काय सांगाल?

पहिल्या शाळेत थरार मिळेल, दुसरीत फेऱ्या मिळतील, तिसरीत शिक्षण मिळेल. तिसऱ्या शाळेने आपल्या सहाही प्रश्नांची नीट उत्तरे दिली, तर दादाने तेथेच जावे. आणि समजा, पहिल्या शाळेतला तो विजेता उत्तम शिक्षकही निघाला, शिकाऊंना लहान गाडीवर बसवून एकेक गोष्ट समजावून सांगू लागला, तर? मग आपले मत बदलायला आपण मोकळे आहोत. आपण प्रश्न विचारतो ते उत्तर ऐकण्यासाठीच.

तुमच्यापैकी ज्यांना हे वाचून मूठ पिळण्याची ओढ लागली असेल, त्यांनी थोडा धीर धरावा. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मिळतो, आणि शर्यतीसाठी तर त्याचा वेगळा परवाना लागतो. सार्वजनिक रस्ता हा काही ट्रॅक नव्हे. तेथे समोरून ट्रक येतो, मध्येच म्हैस येते, वाळू सांडलेली असते, आणि पकडीची पुंजी १० वरून कधी ३ वर येईल याचा नेम नसतो.

तोपर्यंत करण्यासारखे पुष्कळ आहे. छडी तळहातावर तोलून पाहा. सायकल चालवताना नजर कोठे जाते ते तपासा. आणि एक छोटी वही करा. धावणे असो, पोहणे असो, पेटीवरचे अलंकार असोत वा गणिते सोडवणे असो, तुमची वेळ रोज लिहा, सरासरी काढा, पसारा काढा आणि एका आठवड्यात एकच गोष्ट बदलून पाहा. महिनाभराने वही उघडाल, तेव्हा आपण खरोखर कशाने सुधारलो, हे तुम्हाला कोणाला विचारावे लागणार नाही.